बाबांनी मागितलेला फॉर्म

नवरा विमानतळावर उतरला तेव्हा मी जवळच्याच देवनहळ्ळीच्या किल्ल्यात होते. त्याला आणायलाच बंगळुरूच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआरहून निघाले होते. वेळ हाताशी आहे तर किल्ला बघून येऊ म्हणून वळले. तिथे एक बाई नाचणी वाळत घालत होत्या. त्यांच्याशी बोलत बसले आणि फोन गाडीतच राहिला. आठवलं तेव्हा दीड तास उलटून गेला होता.

तो चिडला नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "तू मुद्दाम करत नाहीस, हे मला कळतं. मग हे होतं तरी कसं?"

असं मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. वेंधळी, धांदरट म्हटलं की विषय संपायचा. एक्केचाळिसाव्या वर्षी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले ती घाबरून नव्हे, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून.

डॉक्टरबाईंनी एडीएचडीची, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराची, शक्यता सांगितली आणि म्हणाल्या, "लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं कोणी आहे का?"

आई गेल्यापासून बाबा राजाजीनगरला एकटेच राहतात. सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. माझ्या शाळेतून बोलावणं आल्यासारखे कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"वस्तू हरवायची का?" डॉक्टरांनी हातातल्या फॉर्मवरून विचारलं.

"हरवायची. पण सगळेच हरवतात की."

"समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायची?"

"आमच्या घरात सगळेच तोडतात."

"कंटाळवाणं काम शेवटपर्यंत टाळायची?"

बाबा पुढे वाकून तो फॉर्म बघू लागले. मग म्हणाले, "डॉक्टर, बंद पडलेलं मशीन सुरू होईपर्यंत मी जेवायचं विसरायचो. पण त्याचा एकपानी रिपोर्ट माझ्याकडून महिना महिना लिहून व्हायचा नाही. साहेब म्हणायचे, मुजोर आहे. मलाही तसंच वाटायचं." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हा फॉर्म मला माझ्यासाठी भरता येईल?"

मी बाबांना इतकी वर्षं ओळखते, पण त्यांचा हा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते.

माझं निदान पक्कं झालं, गोळी सुरू झाली. पहिल्या सकाळी भेंडी चिरायला घेतली आणि सगळी चिरूनच उठले. मध्ये कुठेही गेले नाही. नवऱ्याला विचारलं, "बाकीच्यांच्या डोक्यात रोज इतकं शांत असतं?"

"तुझ्या डोक्यात काय चालतं ते मला कुठे माहितीये?" तो म्हणाला. "सांग ना."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्या दिवशी मी सांगितलं.

फॉर्म भरून तपासणी झाल्यावर बाबांचं निदानही तेच निघालं. गोळी मात्र त्यांनी अजून घेतलेली नाही. आधी माझ्याकडून सगळं समजून घ्यायचंय म्हणतात. दर रविवारी फोन करतात.

"किती मिनिटांनी जाणवतं? आधी काय कमी होतं, बाहेरचे आवाज की आतले विचार?"

मी आठवून आठवून सांगते. पलीकडे ते लिहून घेत असतात.

"सावकाश," म्हणतात, आणि सवयीने कानडी मिसळून, "स्वल्प, थोडं सावकाश. आणि असर उतरताना?"