विषय क्रमांक सतरा

माझी थोरली बहीण एकोणीस वर्षं नगरपालिकेत टायपिस्ट होती. सभा चालू असताना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून सगळं टिपून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी इतिवृत्त टाइप करून सहीला ठेवायचं, हे तिचं काम. ऑफिसात सगळे तिला टायपिस्टबाई म्हणायचे. नगरसेवक निवडून यायचे, पडायचे, पुन्हा यायचे, ताई तिथल्या तिथे. कुठला नियम कितव्या पानावर आहे हे सेक्रेटरीसुद्धा तिलाच विचारायचे.

विषयपत्रिकेच्या तळाशी बहुतेक दर महिन्याला एक विषय असायचा. क्रमांक सतरा: भाजी मंडईत विक्रेत्या महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणे. मंडईत दीडशेच्या वर बायका सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसायच्या. पुरुष मागच्या भिंतीआड जाऊन यायचे. बायकांची सोयच नव्हती, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नसत. मूतखड्याने, जळजळीने हैराण झालेल्या बायका दवाखान्यात जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपलीमागे येऊन बसायच्या. सतरावा विषय येईपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असत. "विषय पुढील सभेत घ्यावा" हे वाक्य ताईने नऊ वेळा टाइप केलं.

दहाव्या वेळी चर्चा झाली. अध्यक्ष होते ठेकेदार. रस्त्यांची कामं घेत घेत राजकारणात आलेला माणूस, धंदा मुलाच्या हवाली केला तरी लोक त्यांना ठेकेदारच म्हणायचे. एक नगरसेवक उठून म्हणाले, "बायका इतकी वर्षं दम धरून आहेत, आणखी महिनाभर धरतील." सगळं सभागृह खदाखदा हसलं. ठेकेदारांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. विषय पुन्हा पुढे गेला.

ताईने ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं आणि पुढे कंसात लिहिलं: सभागृहात हशा.

ठेकेदारांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, हे काय आहे?"

"जे झालं ते, साहेब."

"हसण्याची कुणी नोंद करतं का?"

"टाळ्यांची तर तुम्ही आवर्जून करायला लावता."

"ती ओळ काढा."

"तुम्ही खोडा आणि शेजारी सही करा. मी माझ्या हाताने नाही काढणार."

आठवड्याच्या आत तिची बदली स्टोअरमध्ये झाली. तिथे जुने टायर, फावडी आणि खराट्यांचे गठ्ठे. तीन महिने तिने खराटे मोजले. चौथ्या महिन्यात राजीनामा दिला आणि त्या संध्याकाळी जेवताना दाजींना सांगितलं, "मी निवडणुकीला उभी राहतेय."

दाजी म्हणजे तिचे यजमान, बस डेपोत मेकॅनिक. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस. त्यांनी विचारलं, "कुणाच्या तिकिटावर?"

"कुणाच्याच नाही."

"मग चपला चांगल्या घे," दाजी म्हणाले आणि भाताकडे वळले.

मी वायरमन. दिवसभर लोकांच्या घरात शिडीवर, त्यामुळे प्रचार मीच केला म्हणा ना. पंखा दुरुस्त करता करता ताईचं नाव घालायचं. निकाल लागला, ताई त्रेसष्ट मतांनी पडली. मंडईतली लिंबूवाली, ताईच्याच वयाची, रडत घरी आली. "बाई, आम्ही सगळ्यांनी तुलाच दिलं असतं गं. पण आमची नावं पडली आपापल्या गावच्या यादीत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्यांच्यासाठी ताई लढत होती, त्यांच्यातल्या एकीचंही मत आमच्या वॉर्डात नव्हतं!

"तुला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"मतदार यादी मीच टाइप केलीय तीन वेळा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पोस्टर चिकटवली असतीस?"

पुढची पाच वर्षं तिने ज्या चिकाटीने काढली, तशी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. नगरपालिकेच्या जिन्याखाली टेबल टाकून ती लोकांचे अर्ज टाइप करायला लागली. नळजोड, जन्मदाखला, तुंबलेलं गटार, पेन्शन. ताईचा अर्ज परत येत नाही, असं वॉर्डभर झालं. कारण कुठल्या कारणाने तो परत पाठवतील हे तिला आधीच ठाऊक असायचं. सभेच्या दिवशी टेबल झाकून ती प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसायची. वॉर्डातल्या बायकांना सांगायची, "तुम्ही अर्धा तास भाजी निवडता आणि घरी जाता. भाजीवाली दहा तास बसते. एक दिवस तिच्याशेजारी बसून बघा." दोघीतिघी खरोखर बसल्या. दुपारपर्यंत उठून घरी पळाल्या आणि मग त्याच गल्लीभर सांगत सुटल्या.

दुसऱ्या निवडणुकीत ताई दोनशे बारा मतांनी निवडून आली.

खरा पेच त्यानंतर पडला. एकतीस जागा. पंधरा ठेकेदारांच्या गटाच्या, पंधरा डॉक्टरांच्या आणि एक ताई. डॉक्टर हे विरोधी गटाचे पुढारी, गोड बोलणारे, शिकलेले. अध्यक्ष कोण, हे ताईच्या एका मतावर ठरणार होतं. तिच्या दारात इतक्या चपला साठल्या, की दाजींना कामावर जाताना स्वतःच्या सापडेनात. कुणी उपाध्यक्षपद देऊ करत होतं, कुणी गाडी. ताईने एक कागद टाइप केला: पहिल्या सभेत स्वच्छतागृहाचा विषय क्रमांक एकवर घेऊन मंजूर करू. खाली सहीला जागा.

आधी ती डॉक्टरांकडे गेली. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि हसून परत दिला. "ताई, माझ्या शब्दावर विश्वास नाही का? सही घेणं म्हणजे अपमान झाला हो."

"शब्द मी एकोणीस वर्षं टाइप केलेत, डॉक्टर. सही करा."

त्यांनी केली नाही. तिथून ती ठेकेदारांकडे गेली. त्यांनी कागद दोनदा वाचला, ताईकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही अजून त्यातच आहात?"

"अजून बांधलं कुठेय?"

त्यांनी खिशातलं पेन काढून सही केली, आणि गटातल्या बाकी चौदाही जणांच्या सह्या संध्याकाळपर्यंत घेऊन दिल्या.

ताईने ठेकेदारांना मत दिलं. ज्याने तिला खराटे मोजायला बसवलं त्यालाच तिने अध्यक्ष केलं. गावभर बभ्रा झाला, टायपिस्टबाई विकली गेली. आमच्या भिंतीवर कुणीतरी डांबराने तसं लिहिलं. मी तिच्या दारात उभा राहून ओरडलो, "लाज कशी वाटली नाही तुला? त्याच माणसाला?"

"मला माणूस नको होता, सही हवी होती," ती म्हणाली. मी वर्षभराहून जास्त तिच्याशी बोललो नाही.

विषय पहिल्याच सभेत मंजूर झाला. पण मंजूर होणं वेगळं आणि बांधून होणं वेगळं. जागेवर दुकानदारांच्या गाड्या लागायच्या, त्यांनी हरकत घेतली. ताई टेप घेऊन स्वतः जागा मोजायला गेली आणि नकाशा दाखवून सिद्ध केलं की ती जागा पहिल्यापासून मंडईचीच. मग इंजिनिअर रजेवर गेले. मग पाण्याची लाइन दुसऱ्या खात्याची निघाली. प्रत्येक वेळी ताई हातात त्या त्या नियमाचं पान घेऊन त्या त्या खुर्चीसमोर जाऊन बसायची. चहा आला तरी उठायची नाही, चहा संपला तरी उठायची नाही. ठेकेदार एकदा वैतागून म्हणाले, "या बाईला विरोधात बसवली असती तर बरं झालं असतं."

चौदाव्या महिन्यात ती माझ्या घरी आली. सरळ आत येऊन बसली.

"वायरिंगचं काम झालंय. चल, बघून दे."

"काम देताना नाही आठवलो मी?"

"तू माझा भाऊ आहेस, तुला काम मिळणारच नव्हतं. तपासायला मात्र तुझ्याइतका खवचट माणूस मला माहीत नाही."

मला हसू आलं आणि अबोला तिथेच संपला. मी जाऊन बघितलं. आठ खोल्या, टाकी, दिवे, सगळं चकाचक, पण अर्थिंगच केलेलं नव्हतं. ओल्या जागेत, दीडशे बायकांच्या वापरात! मी सांगताच ताईने उद्घाटनाची ठरलेली तारीख रद्द करायला लावली. पत्रिका वाटून झाल्या होत्या, ठेकेदारांचं नाव मोठ्या अक्षरात होतं. ते फोनवर तडतडले. ताई म्हणाली, "तुमचं नाव त्या पत्रिकेवर आहे, म्हणूनच सांगतेय." पंधरा दिवसांनी काम नीट झाल्यावरच फीत कापली गेली. महिनाभराने लिंबूवाली ताईला म्हणाली, "बाई, आता मी दुपारी तांब्याभर पाणी पिते." ताई लिंबं निवडत राहिली, गरजेपेक्षा जास्तच घेतली.

तिसऱ्या निवडणुकीत ठेकेदारांनी आपल्या सुनेला तिच्याविरुद्ध उभं केलं. विकली गेल्याची जुनी ओरड यावेळी डॉक्टरांच्या गटाने पुन्हा काढली. मतं दोनदा मोजली. ताई अकरा मतांनी आली. अकरा! दाजींनी त्या दिवशी अकरावं वाक्य बोलून दाखवलं: "पुरे आहेत."

आता ती आरोग्य समितीची सभापती आहे. बस स्टँड, कोर्टाचं आवार आणि मजूर उभे राहतात तो चौक, अशा तीन जागा तिने स्वच्छतागृहांसाठी धरल्या होत्या. पहिल्या दोन झाल्या. चौकातल्या जागेवर एकाने दावा लावला आहे, येत्या गुरुवारी तारीख आहे. वकील म्हणतात प्रकरण वर्षभर चालेल. ताईने वर्षभराच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोकळ्या ठेवल्यात, आणि मला बजावलंय की गुरुवारी शिडीवर चढायचं नाही, साडेनऊला स्कूटर घेऊन दारात यायचं.