रिकाम्या शाळेतले शांगसाहेब

शांग वेनपू हा मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस. स्फटिकांवर संशोधन केलं, विद्यापीठात शिकवलं, आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या क्वेचौ प्रांतातल्या डोंगरी जिल्ह्याचा शिक्षणप्रमुख होऊन बसला. का, तर म्हणे खेड्यातल्या पोरांनाही प्रयोगशाळा मिळाली पाहिजे. माणूस भला, पण महाहट्टी. वस्त्यांवरच्या चिमुकल्या शाळा बंद करून त्यानं खाली बाजारगावात एक मोठी निवासी शाळा उभी केली. तिथले सूक्ष्मदर्शक तो स्वतः पुसायचा.

पहिल्याच पावसाळ्यात वरच्या वस्तीवरची थान यिनलिन त्या शाळेतून सुट्टीला घरी येताना ओढ्याच्या पुरात वाहून गेली. नऊ वर्षांची होती.

लग्नाआधी गेलेल्या पोरीचं थडगं आमच्या डोंगरात बांधत नाहीत. छिंगमिंगच्या सणाला जो तो आपल्या पूर्वजांची थडगी झाडतो. शांगला मात्र माफी मागायला जागाच नव्हती. म्हणून तो दर छिंगमिंगला तिच्या वस्तीवरच्या बंद शाळेत जायचा आणि तिचा जुना वर्ग झाडून काढायचा. तिथं त्याला फळ्यावर खडू घासल्याचा आवाज यायचा. भुताखेतांना हसण्यात ज्याची हयात गेली, त्याची भीतीनं गाळण उडायची. तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा हजर.

यंदा वर्गाच्या दारात यिनलिनची आई उभी राहिली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

“हे काय नाटक मांडलंय, साहेब? झाडू मारून कुणाला दाखवताय?”

त्याचा झाडू थांबला. “ताई, खोटं नाही सांगत. ती येते इथं. फळ्यावर लिहिते. मला ऐकू येतं.”

आता ही आपला उद्धार करणार, असं त्याला वाटलं. पण ती मटकन बाकावर बसली.

“तुमच्याकडे येते?” तिचा आवाज चिरकला. “मी रोज दार उघडं टाकून निजते. माझ्याकडे एकदाही आली नाही कार्टी.”

तो तिच्या शेजारी बाकावर टेकला.

“आज मीही बसते. आली की सांगा.”

दोघं बसून राहिले. ऊन फळ्यावरून सरकत भिंतीवर गेलं. शांगनं जिवाचा कान केला, पण आज खडूचा आवाज काही येईना. शेजारी ती श्वास रोखून बसली होती. तिला तसंच घरी पाठवणं त्याच्यानं होईना.

“आली,” तो म्हणाला.

आईनं पिशवीतून सणाचे हिरवे तांदूळगोळे काढून बाकावर ठेवले.

“विचारा तिला,” फळ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, “जेवलीस का म्हणून.”