हा सिनेमा पाहावाच

चिखलीत त्या काळी नवा सिनेमा थेटरात यायचा तो मोठ्या शहरांत शिळा झाल्यावर, आणि आला तरी बायामाणसांनी जाऊन बसावं असं ते थेटर उरलं नव्हतं. म्हणून लोक सीडी आणून घरीच पाहायचे. बसस्टँडच्या मागं सीडीची दोन-तीन दुकानं होती. दर आठवड्याला नवे सिनेमे यायचे. वर चकचकीत चित्र, आत काय आहे ते घरी नेऊन लावल्याशिवाय कळायचं नाही. ते आधी पाहून सांगायचं काम प्रतिमा महाजन करायची.

ती एका खाजगी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. माहेर सुलतानपूरचं, सासर मूळ अमडापूरचं. नवरा रमाकांत सहकारी बँकेत कारकून, आणि घरात सासूबाई, सत्यभामाबाई. गल्लीच्या तोंडाशी भगवानराव राहत. ते ‘घाटमाथा’ नावाचं साप्ताहिक चालवत. शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी द्यायला ती त्यांच्याकडे गेली होती. बोलण्याच्या ओघात आदल्या दिवशी घरी पाहिलेल्या एका सिनेमाविषयी काहीतरी बोलली, आणि हसता हसता भगवानरावांनी तिच्यापुढं कोरा कागद सरकवला. सदराचं नाव पडलं ‘घरपोच सिनेमा’.

प्रतिमा जड शब्द वापरत नसे. सिनेमा कुणी पाहावा, कुणासोबत पाहावा, कुठं उठून गेलं तरी चालेल, हे ती सरळ सांगायची. त्या वेळी एक सिनेमा दोन सीड्यांत मावायचा. एका गाजलेल्या सिनेमाबद्दल तिनं लिहिलं होतं, ‘पहिली सीडी संपली की चहा करावा, आणि दुसरी लावायच्या भानगडीत पडू नये.’ ते वाक्य महिनाभर गावात फिरत होतं. दुकानदार तिच्यावर चिडायचे, पण गिऱ्हाईक मात्र काउंटरवर येऊन आधी विचारायचं, बाईंनी याच्याबद्दल काय लिहिलं? भाजीबाजारात बेबीताई नावाची बाई बसायची. ती मुलीकडून सदर वाचून घ्यायची आणि प्रतिमाच्या पिशवीत मूठभर कोथिंबीर जास्तीची टाकायची. घरात प्रतिमाच्या मताला फारसं कुणी विचारत नव्हतं. भाजी कोणती करायची तेसुद्धा सासूबाई ठरवायच्या. त्यामुळे गावातले लोक आपलं ऐकतात याचं तिला अप्रूप होतं. ते तिनं बोलून कधी दाखवलं नाही, पण सदराचा कागद लिहायला बसताना ती केस विंचरून, धुतलेली साडी नेसून बसायची.

तिचा दीर आल्हाद, सासूबाईंचं शेंडेफळ. कॉलेज अर्धवट सोडून तो पुण्याला गेला होता, कुणाकुणाच्या हाताखाली कॅमेऱ्याचं काम शिकला, आणि एक दिवस परत येऊन म्हणाला की आपल्या भागातला, आपल्या बोलीतला सिनेमा करायचा. नाव ठरलं, ‘मातीची सवत’. अमडापुरात शूटिंग झालं. अर्धं गाव त्यात उभं राहिलं. सत्यभामाबाईंना दोन प्रसंग मिळाले, एकात त्या नव्या सुनेला ओवाळतात आणि दुसऱ्यात तुळशीपाशी बसून रडतात. उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे सगळ्या मंडळींचा स्वयंपाक प्रतिमाकडे आला. तीन आठवडे ती चुलीपुढं होती. कॅमेरा कुठं लागलाय हेसुद्धा तिनं पाहिलं नाही.

सिनेमा थेटरात लागण्याची शक्यता नव्हती. जालन्याच्या एका वितरकानं त्याच्या सीड्या काढल्या. पहिली सीडी आल्हादनं प्रतिमाच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “वहिनी, लिहा याच्यावर. मले दुसऱ्या कोनाचं नको, तुमचंच पाह्यजे. अन् खरं तेच लिहा.”

तिनं सिनेमा दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला तो, पहिल्यांदा आपलंच काही चुकलं असेल या आशेनं. सिनेमा वाईट होता. नायिका रडायची तेव्हा पावसाचा आवाज यायचा आणि अंगणात कडक ऊन दिसायचं. खलनायक दर प्रसंगात एकच मिशी पिळायचा. फक्त एका ठिकाणी प्रतिमा सरसावून बसली. मिरचीच्या वावरात पुष्पाबाई नावाची गावातलीच मजूर बाई आणि तिची जाऊ मिरच्या तोडता तोडता बोलतात. त्यांना कुणी संवाद लिहून दिले नव्हते. जाऊ विचारते, “काऊन व, लेक सासरी गेली त करमते का?” पुष्पाबाई उत्तरच देत नाही, नुसती पुढच्या झाडाकडे सरकते. तेवढा एक प्रसंग खरा होता.

ती भगवानरावांकडे गेली आणि म्हणाली, या वेळी दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, घरचा मामला आहे. भगवानरावांनी ऐकलं नाही. इतरांच्या सिनेमाची पिसं काढता आणि घरचा आला की गप्प बसता, असं लोक म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. ते तिलाही पटलं. दिरानंही खरंच मागितलं होतं.

मग तिनं लिहिलं, ‘पुष्पाबाईंच्या मिरचीच्या वावरातल्या प्रसंगासाठी तरी हा सिनेमा पाहावाच. आपली बोली इतकी खरी पडद्यावर क्वचितच ऐकू येते. बाकीच्या दोन तासांत मात्र दिग्दर्शकाला ना गाव दिसलं, ना माणसं.’ पुढं आणखी काही ओळी होत्या, नायिकेबद्दल आणि पावसाबद्दल. सासूबाईंविषयी तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

अंक घरी आला त्या दिवशी सत्यभामाबाई जेवल्या नाहीत. आपल्याविषयी काहीच नाही, हेही त्यांना लागलं होतं आणि लेकाविषयी जे होतं तेही. त्या एवढंच म्हणाल्या, “घरचं अन्न खाऊन घरच्याच ताटात थुंकली.” त्यानंतर कितीतरी दिवस त्या सुनेशी थेट बोलल्या नाहीत, भिंतीकडे पाहून बोलायच्या. रमाकांत तसा भांडखोर नव्हता. रात्री तो इतकंच म्हणाला, “खोटं लिही असं कोन म्हनत होतं? तब्येत बरी नाही म्हनून त्या आठवड्यात लिवलंच नसतं त चाललं नसतं का?” आल्हाद मात्र नेहमीसारखा आला, चहा प्याला, वहिनी म्हणून हाक मारली. तिला वाटलं, निदान यानं तरी समजून घेतलं.

महिन्याभरानं शाळेतून येताना सीडीच्या दुकानाबाहेर तिला नवं पोस्टर दिसलं. ‘मातीची सवत’च्या सीडीचं वेष्टनही बदललं होतं. नायिकेच्या पदराखाली मोठ्या लाल अक्षरांत छापलं होतं, ‘हा सिनेमा पाहावाच. आपली बोली इतकी खरी पडद्यावर क्वचितच ऐकू येते. – प्रतिमा महाजन, घाटमाथा’.

ती तशीच अमडापूरच्या गाडीत बसली. आल्हाद तिथं जुन्या घराच्या ओसरीवर मित्रांसोबत होता. तिनं त्याला बाजूला बोलावून विचारलं, हे वितरकानं केलं का? तो हो म्हणाला असता तर तिनं ते मानलंही असतं. पण त्यानं शांतपणे सांगितलं की मजकूर आपणच दिला.

“त्यातला एक तरी शब्द मी बदलला का, वहिनी?” तो म्हणाला. “सगळे तुमचेच हायेत. तुम्ही माह्या सिनेमातलं जेवढं पाह्याचं तेवढंच पाह्यलं. मीबी तुमच्या लिहिन्यातलं तेवढंच घेतलं.”

ती परत आली. भगवानरावांना म्हणाली, पुढच्या अंकात चार ओळींचा खुलासा छापा. भगवानराव कामात असल्यासारखे कागद चाळत राहिले. त्याच वितरकाची दिवाळी अंकाला अख्ख्या पानाची जाहिरात होती. ते म्हणाले, पाहू, लोक विसरतील, कशाला वाढवता. तिनं पुढच्या सदरात शेवटी स्वतःच दोन वाक्यं घातली. अंक आला तेव्हा ती दोन वाक्यं नव्हती. जागा कमी पडली, असं सांगण्यात आलं.

‘घाटमाथा’ गावात किती लोक घ्यायचे? सीडी मात्र चिखलीपासून खामगावपर्यंत गेली. पिंपळगाव राजाच्या यात्रेतसुद्धा विकली गेली. ज्यांनी परीक्षण कधी वाचलं नव्हतं, त्यांनी वेष्टन वाचलं. त्या आठवड्याचा अंक बेबीताईलाही मिळाला नव्हता, मुलीनं तिला वेष्टनच वाचून दाखवलं होतं. बाजारात तिनं भाजी तोलून दिली आणि खाली मान घालून म्हणाली, “दिराचा हाय म्हनून लिवलं ना, ताई? तुमच्या भरवशावर आणला होता आम्ही.” प्रतिमानं सगळं समजावून सांगितलं. बेबीताईनं ऐकून घेतलं, हो हो म्हणाली. पण तिला ते पटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. खरं लिहिलं म्हणून घरात बोलणं बंद, आणि खोटं लिहिलं म्हणून गावात मान खाली. त्यानंतर प्रतिमानं सदर दिलं नाही. भगवानरावांनी दोनदा माणूस पाठवला, मग त्या जागी राशिभविष्य सुरू केलं.

आल्हादचा दुसरा सिनेमा कधी झाला नाही. तो खामगावला लग्नाचं शूटिंग करू लागला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. सिनेमा का झाला नाही, असं कुणी विचारलं तर सत्यभामाबाई सांगायच्या, घरातलीच दृष्ट लागली.

चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. तेव्हा प्रतिमा शाळेतून निवृत्त झाली होती. सगळं करणं तिच्याकडेच आलं. दुपारी झोप झाली की सासूबाई बोटानं टीव्हीकडे दाखवायच्या. प्रतिमा ती सीडी लावायची. ओवाळण्याचा प्रसंग आला की म्हातारीचा डोळा हलायचा नाही. एकदा, जीभ जड पडत असताना, त्यांनी विचारलं, “बरं केलं ना मी काम?”

पडद्यावरच्या सत्यभामाबाई ओवाळताना सुनेकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. प्रतिमा म्हणाली, “फार छान केलं, आई.” म्हातारीनं मान फिरवली आणि पुटपुटली, “तवा त लिवलं नाही.”

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. तेराव्याच्या दिवशी आल्हादनं तोच ओवाळण्याचा प्रसंग कापून, मागं बासरी लावून, खाली फुलं टाकून कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला. भराभर उत्तरं आली. संध्याकाळी त्याचा फोन आला. सगळ्यांनी काही ना काही लिहिलं, वहिनी, तुमचंच दिसलं नाही, असं तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं.

प्रतिमानं फोन ठेवला. तो व्हिडिओ पुन्हा एकदा शेवटपर्यंत पाहिला. मग लिहायच्या जागी बोट ठेवून ती बराच वेळ बसली. रमाकांतनं आतून विचारलं, काय करून राह्यली? ती काही नाही म्हणाली, आणि बाकीच्यांनी पाठवले होते तसेच जोडलेले दोन हात तिनंही पाठवून दिले.