तानुबाईचा मुराळी

शिंदखेड्याच्या तानुबाईला रुसायला कारण लागत नसे. रुसवा आधी तयार असायचा, कारण मागच्या एस.टी.ने यायचं.

त्या वर्षी मात्र भावाचा जीव तिच्या हाडांत होता. पिंप्राळ्याच्या रुपचंदला रक्ताचा कॅन्सर झाला आणि सगळ्या भावंडांत तिच्याच हाडांतला मगज जुळला. मुंबईच्या डॉक्टरांनी औषधांनी त्याचा मगज जाळून टाकला. आता बहिणीचा मगज मिळाला, तरच अंगात नवं रक्त तयार होणार होतं.

तारांवर तारा आल्या. तानुबाई नवं लुगडं नेसून, पिशवी भरून, न्यायला येणाऱ्या माहेरच्या माणसाची वाट बघत ओट्यावर बसली. "लेवाले माहेरना मुराळी येवाले जोयजे. तारवर कोनी बहीण जास का?"

रुपचंदही तिचाच भाऊ. काचेच्या खोलीतून त्याने बायकोला बजावलं, "दवाखान्यात यायला कसला मुराळी? झक मारत येईल ती!"

शेवटी रुपचंदचा मुलगा गुलाब जीप घेऊन दारात आला. तानुबाई गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "उना ना मुराळी!"

गुलाब खाली बघत म्हणाला, "चाल आत्या. आबाले घर आणेल शे. तिरडी उचलाले बठ्ठा तुनाकरताच थांबेल शेतस."