पगडीवाल्याचं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्यांच्याबरोबर चाळीस वर्षं चहा प्यायलो त्या मित्रांनाही नाही. आज सकाळी चष्मा पुसला, कागद पुढे ओढला आणि वाटलं, बस, होऊन जाऊ दे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरंच आहे. ओळखत असता तर मी पुन्हा काहीतरी सजवून सांगितलं असतं.

मध्य भारत नावाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी इंदूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कचेरीचं नाव राहू द्या, चूक तिची नाही. आमच्या टेबलाचं काम मोठं छान होतं — गावातल्या लहान कारागिरांचा माल बाहेर पोचवायचा. चामड्याची खेळणी करणारे, लाखेच्या बांगड्या करणारे, कुलपं करणारे, अशा लोकांचे नमुने मुंबई-दिल्लीच्या प्रदर्शनांत पाठवायचे, तिकडच्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार करायचा, आलेली मागणी कारागिराच्या घरापर्यंत न्यायची. संस्थान गेलं होतं, दरबार गेला होता, आणि दरबारावर जगणारे किती हात रिकामे झाले होते! त्यांना नवं गिऱ्हाईक मिळवून देणं, हीच आमची नोकरी. मतलब, पगार मला त्याचाच मिळत होता. हे लक्षात ठेवा.

त्या रिकाम्या हातांपैकी एक मांगीलालजी. दरबारी पगड्या बांधायचे. बांधायचे म्हणजे डोक्यावर गुंडाळायचे नव्हे — लाकडी ठोकळ्यावर तलम कापडाची पट्टी पिळून-पिळून, खळ लावून, अशी बसवायचे की पगडी टोपीसारखी उचलून घालता यावी. माझ्या वडिलांची पगडी त्यांच्याच हातची. वडील दरबारात होते. दसऱ्याच्या आधी मांगीलालजी स्नेहलतागंजच्या आमच्या घरी येत, वडिलांच्या डोक्याला दोरी लावून माप घेत. मला ते तेव्हापासून ‘भैयासाब’ म्हणायचे. मी कारकून झालो तरी म्हणायचे. कचेरीत सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि — लपवून काय करू — मला ते आवडायचं.

त्यांची एक पगडी मी स्वतः मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवली. लाल, जरीच्या काठाची. आत कागद कोंबले, खोक्यावर त्यांचं नाव लिहिलं. तोवर माझं सगळं सरळ होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सांगायला जीभ — म्हणजे लेखणी — अजून अडतेय.

दोनेक महिन्यांनी पत्र आलं. मराठीत होतं, म्हणून आपोआप माझ्या टेबलावर आलं. मराठी कागद सगळे माझ्याकडेच यायचे. लिहिणारे विनायकराव, गिरगावात त्यांचा नाटकांचा कपडेपट होता. नाटक मंडळ्यांना कपडे, दागिने, टोप्या भाड्यानं द्यायचे. त्यांनी लिहिलं होतं, अशी पगडी मी वीस वर्षं शोधतो आहे. आधी चाळीस हव्यात, सवडीनं करू द्या. पुढे दर वर्षी लागतील. पुण्याच्या दोन कपडेपटांनाही दाखवतो. कारागीर मुंबईला येऊन राहायला तयार असेल तर जागा माझी.

असं पत्र आमच्या कचेरीत त्याआधी कधी आलं नव्हतं. साहेबांना दाखवलं असतं तर त्यांनी पेढे मागवले असते. मी काय केलं?

थांबा. त्याच्या आधीचं सांगतो.

त्याच साली गणपतीत आमच्या मराठी मंडळींनी एक फार्स बसवला होता. त्यात एक दरबारी म्हातारा होता, विसराळू, लोभी, सारखा मुजरे करणारा. डोक्यावर पगडी, पुठ्ठ्याची, पण घाट आमच्याच दरबारी पगडीचा. तो वाकला की पगडी पडायची आणि लोक हसून लोटपोट. माझे वडील दुसऱ्या रांगेत होते. मध्येच उठले. टांग्यात घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी शेजारी बसलो होतो. माझे कान तापले होते.

आणि मग हे पत्र. नाटकवाल्याला चाळीस पगड्या. म्हणजे चाळीस विदूषक, असं मी मनात धरलं. त्यानं कुठं तसं लिहिलं होतं? कुठंच नाही. मी पत्र दोन दिवस खणात ठेवलं. तिसऱ्या दिवशी कचेरीच्या छापील कागदावर, सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं — ‘सदर कारागीर श्री. मांगीलाल यांचे अल्पशा आजाराने निधन झाले असल्याने आपली मागणी पूर्ण करणे शक्य नाही.’

झालं. लिहिलं एकदाचं. हेच ते.

‘नकार आहे’ असं लिहिता आलं असतं. ‘वेळ लागेल’ लिहिता आलं असतं. पण मग पुन्हा पत्र आलं असतं, म्हणून मी माणूसच मारून टाकला. वर आजारही दिला — अल्पसा. त्या शब्दावर मी तेव्हा खूष झालो होतो, हेही सांगून टाकतो.

मांगीलालजी दर मंगळवारी कचेरीत यायचे. घर लांब, पायी यायचे. दारात उभे राहून विचारायचे, “राम-राम भैयासाब. कोई चिट्ठी-विट्ठी आई?” मी मान हलवायचो. ते म्हणायचे, “आ जाएगी. आपके हाथ में काम है, तो आ जाएगी.” दर मंगळवारी. तुम्हाला वाटेल, याला काहीच कसं वाटलं नसेल? वाटायचं. पण दुपारपर्यंत ओसरायचं.

विनायकरावांचं कार्ड आलं. हळहळले होते. असा हात पुन्हा होणे नाही, घरच्यांना माझा निरोप सांगा. मी कार्ड फाइलला लावलं. आणि मग एका मंगळवारी, नेमक्या मंगळवारी, विनायकराव स्वतःच दारात. कामानिमित्त उज्जैनला आले होते, म्हणाले, जाता-जाता त्यांच्या कुटुंबाला भेटून जावं. घरात एखाददुसरी बांधलेली पगडी असेल तर घेऊन जाईन. ठोकळा बघायला मिळाला तरी पुरे. साधा माणूस, धोतर, काळा कोट, हातात पिशवी. मी खुर्ची दिली. म्हणालो, घरचे लोक गावाकडे गेले, कोणत्या गावी ते ठाऊक नाही. तोंडातून कसं भराभर आलं! ते म्हणाले, “अरेरे. मग पाणी तेवढं द्या, निघतो.”

ते पाणी पीत होते आणि दारात आवाज आला.

“राम-राम भैयासाब. कोई चिट्ठी?”

मी म्हणालो, “अभी नहीं. बाद में आना.” नाव घेतलं नाही. जीव गेला असता तरी ते नाव मी घेतलं नसतं. पण विनायकरावांनी बाकावरची आपली पिशवी उचलली आणि म्हणाले, “बैठिए ना बाबा, धूप में से आए हो.” मांगीलालजी बसले. डोक्यावर साधी पांढरी टोपी. पगडी बांधणारा पगडी घालत नाही. दोघांत वीतभर अंतर.

विनायकराव बोलके. आपल्या मुंबईच्या हिंदीत म्हणाले, “क्या बताऊं, इतना दूर आया, और जिसके लिए आया वो आदमीच नहीं रहा.”

“अरे राम,” मांगीलालजी म्हणाले. “कौन था?”

“कारीगर था. हाथ में जादू था उसके.”

मांगीलालजींनी टोपी काढली. दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. “भगवान उसकी आत्मा को शांति दे,” म्हणाले. “अच्छे कारीगर अब बचे ही कहां.”

मी काय करत होतो? मी टांगेवाल्याला हाक मारत होतो. विनायकरावांना म्हणत होतो, चला, तुमची गाडी चुकेल. एक वाक्य बोलायचं होतं, ‘हेच ते.’ दोन शब्द. कचेरीत हसं झालं असतं, साहेबांनी झापलं असतं, नोकरीही गेली असती कदाचित. पण चाळीस पगड्या होत्या, मुंबईतली जागा होती, आणि तो माणूस तिथे बसून स्वतःलाच शांती मागत होता. मी विनायकरावांची पिशवी उचलली आणि त्यांना टांग्यात बसवून आलो.

आता तुम्ही म्हणाल, वडिलांच्या मानासाठी केलं. मीही बरीच वर्षं स्वतःला तसंच सांगायचो. पण त्याच थंडीत मांगीलालजी आमच्या घरी आले, वडिलांची जुनी पगडी सैल झाली होती म्हणून. वडिलांनी विचारलं, काम कसं चाललंय? ते म्हणाले, काम नाही. तर वडील म्हणाले, “अरे, त्या नाटकवाल्यांना का नाही विकत? त्या दिवशी बघितली मी एक पुठ्ठ्याची. लाज वाटली. निदान पगडी तरी नीट हवी की नाही? हसायचं तर हसोत, डोक्यावर खरी असू दे.”

मी तिथेच होतो. तबकात सुपारी कातरत होतो. म्हणजे वडील त्या फार्समधून उठले ते पुठ्ठ्यापायी! मला हे विचारता आलं असतं. टांग्यातच विचारता आलं असतं. मी विचारलंच नाही, कारण मान त्यांचा नव्हताच — माझा होता. कचेरीत मी तिसऱ्या टेबलावरचा कारकून होतो, दौत दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायचो. आपण दरबाऱ्याचा मुलगा, एवढंच माझ्याजवळ उरलं होतं, आणि ते गिरगावातल्या कुणी भाड्यानं द्यावं हे मला सोसलं नाही. त्यासाठी एका माणसाची कला मी बंद केली. विनायकरावांना पुन्हा लिहिता आलं असतं, त्या संध्याकाळीसुद्धा. तेही केलं नाही.

मांगीलालजी आणखी काही महिने येत राहिले. मग मंगळवार चुकायला लागले. मग कळलं, कापडबाजारात गाठोडी बांधायचं काम धरलं. एकदा तिथे दिसले. पाय देऊन दोरी आवळत होते. मला बघून हसले, म्हणाले, “बांधने का ही काम है भैयासाब, फरक क्या.” फरक काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पगडी त्यांनी पुन्हा बांधली नाही. मुलगा ते काम शिकला नाही. इंदुरात तो हात तिथेच संपला.

पुढे मध्य भारतच संपलं. कचेरी भोपाळला हलली, फाइलींचे गठ्ठे ट्रकमध्ये चढले. त्यात माझी ती फाइल. कित्येक वर्षं मला भीती — कुणी उघडेल, माझ्या उत्तराची नक्कल वाचेल, तारीख बघेल. दारावर पोस्टमन आला की मी आधी पाकिटावरचा शिक्का बघायचो. कुणीही उघडली नाही. कुणाला काय पडलंय? शेवटी ती फाइल आज या कागदावर मीच उघडतोय, भोपाळपासून इतक्या लांब, घरच्या टेबलावर.

मांगीलालजी खरोखर गेले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. कळल्यावर मी गेलो. अंगणात लोक बसले होते. मुलानं विचारलं, आप कैसे जानते थे? मी म्हणालो, मेरे पिताजी की पगडी बांधते थे. तेवढ्यात आतून त्यांची बायको बाहेर आली. पदर सारखा केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाली, “ये वो भैयासाब हैं. इन्होंने बहुत कोशिश करी थी. वो हमेशा बोलते थे, भैयासाब ने तो बहुत कोशिश करी, हमारा ही नसीब नहीं था.” आणि मला चहा दिला.

मी तो प्यायलो. सगळा. कप खाली ठेवला, हात जोडले आणि निघून आलो. त्या अंगणातही मी काही बोललो नाही. ती माउली आता नाही.

त्या चहाबद्दल लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. दोनदा खोडलं. आता लिहिलंय, आणि खरं सांगतो, छाती मोकळी झाल्यासारखी वाटतेय. बाहेर भाजीवाला ओरडतोय, सून आतून विचारतेय की भेंडी घेऊ का, आणि मला चक्क भूक लागली आहे. इतकं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलं? याचंही उत्तर माझ्याजवळ आहे. भैयासाब राहायचं होतं.

तर नोंद दुरुस्त करतो. ज्या दिवशी मी ते पत्र लिहिलं, त्या दिवशी श्री. मांगीलाल यांना कोणताही आजार नव्हता. ते जिवंत होते, त्यांचे हात शाबूत होते, आणि त्यांना काम हवं होतं. खाली सही माझी होती.