विनिपेगहून येणारे डबे

आमच्या कारखान्यात हृदयात बसवायच्या बारीक नळ्या तयार होतात. आत जाताना केसांपासून बुटांपर्यंत सगळं झाकायचं आणि फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा, असा नियम. त्यामुळे चहाच्या सुट्टीत लॉकर उघडला की आधी फोन, आणि फोनवर बहुतेक वेळा मेधाताईचा फोटो. एप्रिलमधल्या त्या सकाळीही मी तो नेहमीसारखाच उघडला, म्हणजे अर्ध्या उत्सुकतेने आणि अर्ध्या मत्सराने. ताईच्याच फोनवरून निरोप होता, पण लिहिला होता भाऊजींनी. ‘स्मिता, मेधा काल संध्याकाळी गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. काही करायला वेळच मिळाला नाही...’ बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. आयर्लंडमधल्या या स्लायगोत ऊन पडलं की माणसं एकमेकांचं अभिनंदन केल्यासारखी बोलतात. “ग्रँड डे!” म्हणत कोणीतरी शेजारून गेलं आणि मीही सवयीने “ग्रँड” म्हणाले.

मेधाताई माझी मावसबहीण. सांगलीत आम्हा दोघींना एकाच ताग्यातून फ्रॉक शिवत, पण लोक कौतुक करत ते तिच्या फ्रॉकचं. तेव्हापासून मला तिचा हेवा वाटत आला आहे, आणि ती गेली म्हणून मी आता तो लपवणार नाही. लग्नानंतर ती कॅनडात गेली. आधी माँट्रिऑल, मग हॅमिल्टन, शेवटी विनिपेग. मी पुण्यातली नोकरी सोडून आयर्लंडला आले, तेव्हा वाटलं होतं की आता तरी आपलं पारडं जरा जड होईल. कसलं काय! कोविड आला, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, असा हुकूम निघाला आणि माझं आयर्लंड एक सुपरमार्केट, एक चर्च आणि ढगांआड दडलेला एक डोंगर एवढंच उरलं. तिचे फोटो त्याच दिवसांत सुरू झाले.

धबधबे, बर्फाळ शिखरं असलं काही पाठवलं असतं तर मी नाक मुरडून मोकळी झाले असते. पण ती पाठवायची पार्किंगमध्ये ओळीने उभ्या गाड्या, प्रत्येकीच्या नाकातून लोंबणारी वायर. ‘थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाड्यांनाही रात्रभर शेकत ठेवावं लागतं बाई. आपल्याकडे बाळंतिणीला ठेवतात तशा.’ कधी हॅमिल्टनचा जुना फोटो, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं दूध. ‘बघ, अगदी आपल्यासारखं! पिशवीचा कोपरा कापताना रोज सांगलीत असते मी.’ माझ्या खिडकीसमोर गायी चरतात, इथल्या दुधाचं जग कौतुक करतं, आणि मी त्या पिशवीवर जळत बसायची. एकदा न राहवून लिहिलं, “ताई, दुरून डोंगर साजरे.” तिचं उत्तर हजर. “अगं पण मी तुला डोंगर पाठवतेच कुठे? वायरी पाठवते.”

तिचा एक नियम होता. फोटोला ती ‘डबा’ म्हणायची. शेजारणीकडून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, साखर तरी घालायची, हे मावशीनेच आम्हा दोघींना शिकवलेलं. तेव्हा तिचा फोटो आला की आपला एक गेलाच पाहिजे, तोवर पुढचा मिळणार नाही. मी माझी पत राखायला समुद्र पाठवला, पडका किल्ला पाठवला. तिने थंडपणे ‘छान’ एवढंच लिहिलं. मग एकदा तिचा फोटो आला, परसात धुणं गोठून ताठ झालेलं आणि भाऊजींची जीन्स बर्फात आपली आपण उभी. मी चिडून आमच्या दोरीचा फोटो पाठवला. आज वाळतील, उद्या वाळतील करत पावसात राहिलेले कपडे, टॉवेलच्या टोकाला थेंब. तिने लगेच फोन केला.

“स्मिते, हे काय सुंदर पाठवलंयस गं!”

“सुंदर? कुबट वास मारतोय त्यांना. आता तिसऱ्यांदा धुवायचेत.”

“आमच्याकडे कपडे वाळतात नाहीतर गोठतात. भिजत नाहीत. असले कपडे मला तुझ्याशिवाय कोण देणार?”

पिकतं तिथे विकत नाही, हे खरं. पण त्या दिवशी मला प्रथमच वाटलं, तिला हवं असलेलं काहीतरी माझ्याकडे आहे. फक्त माझ्याकडे.

मग ती शोकसभा झाली... कॉम्प्युटरवरच, सगळे आपापल्या चौकटीत. कॅलगरीच्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, “आमचे डबे चालायचे हो.” मी चमकले. नागपूरची तिची वर्गमैत्रीण म्हणाली, “तुमचेही? आमचेही!” सांगलीच्या शाळेतल्या सुनंदाताईंना त्या वायरीवाल्या गाड्या पाठ होत्या, बाळंतिणीसकट. जो तो आपला डबा उघडून दाखवत होता आणि माझ्या पोटात दुखत होतं. बहीण गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्यावर बसून हे दुसरं मला टोचत होतं. म्हणजे ताईने घरोघरी तेच वाढलं होतं? मग माझं असं काय होतं?

सुनंदाताईंनी मला ओळखलं. “तुम्हीच का स्लायगोच्या? रागावू नका, पण मला तुमचा फार राग यायचा. मी कृष्णेचा घाट पाठवला तरी मेधा म्हणायची, छान आहे, पण आमच्या स्मिताच्या दोरीची सर नाही.” सगळे हसले. खरं सांगते, त्या सभेत मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तेव्हा.

शेवटी भाऊजी म्हणाले, “तिच्या फोनमध्ये त्या दिवसाचा एक फोटो आहे. संध्याकाळी सावकाश लिहून पाठवते म्हणाली होती... राहिलं. तो कोणासाठी होता, मला कळत नाही.” त्यांनी तो दाखवला. परसात वितळून राहिलेला मळका बर्फ, दोरीवर धुणं, आणि धुण्यावर पाऊस. टॉवेलच्या टोकाला थेंब. “पाऊस येताना दिसत होता, तरी धुतलेले कपडे हिने मुद्दाम बाहेर नेऊन टाकले. मी ओरडलोसुद्धा. ही नुसती हसली.”

“घाटावर पाऊस पडला, तेव्हा मी तिला...” सुनंदाताईंनी सुरुवात केली.

“तो माझा आहे,” मी म्हणाले. जरा जोरातच. “भाऊजी, तो मला पाठवा. आणि बाकी कोणाला पाठवू नका.”

कोणाला काय वाटलं असेल ते असो. भाऊजींनी पाठवला, आणि तो मी आजवर कोणाला दाखवलेला नाही, घरातसुद्धा नाही. इथे वर्णन केलं, तेवढंच तुमच्या वाट्याला.

परवा पाऊस आला तेव्हा लेक दारातून ओरडली, “आई, विल आय ब्रिंग इन द वॉशिंग?” मी म्हटलं, राहू दे. कपडे भिजेपर्यंत खिडकीत उभी राहिले. फोन हातातच होता, थेंबही टॉवेलच्या टोकाला येऊन थांबला होता. पण मी फोटो काढला नाही. डबा माझ्याकडे आहे, पाळी माझी आहे, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या मावशीच्या गल्लीत आणखी एक रीत होती. डबा फार दिवस परत गेला नाही, तर शेजारीण एके दिवशी स्वतःच दारात यायची, मागायला.