खानेसुमारीत न आलेली तिघं

बाळकुमच्या कोळीवाड्यात आवडाबाईइतकी चतुर बाई दुसरी नव्हती, आणि त्या चतुराईनंच तिचा घात केला. १८७२ साली सरकारनं माणसं मोजायला काढली, तेव्हा वाड्यात आवई उठली की पोरं मोजतात ती खाडीवरच्या पुलाच्या पायात गाडायला! आवडाबाईला पाच पोरं. धाकटी दोन रडकी, होडीत गप्प राहायची नाहीत, म्हणून ती घरातच ठेवली. दगडू, पंढरी आणि सखू ही मोठी तिघं नवऱ्याच्या, गोमाजीच्या होडीत बसवून तिवरांच्या झाडीत धाडली. "चूप बसा, हूं का चूं नको," एवढं बजावलं. तिघं दिवसभर चूप बसली. मोजणीसाठी ठाण्याहून आलेल्या श्रीपाद मास्तरांना मग तिनं तोंड वर करून सांगितलं, "दोनच हाईत."

मास्तरांनी दोन लिहिली. आवडाबाई आठवडाभर स्वतःवरच खूश होती.

पुलाच्या पायात कुणीच गेलं नाही. चार वर्षांनी पटकीची साथ आली आणि नेमकी तीच तिघं तीन दिवसांत गेली. घरोघरी तीच गत. तिथं कोण कुणाचं नाव टिपून ठेवणार?

१८८१ साली मास्तर पुन्हा आले. केस पिकलेले, काखेत मागच्या मोजणीची यादी. दारात उभ्या धाकट्या दोघांकडे, रंगूकडे आणि आनंदाकडे पाहून ते समाधानानं म्हणाले, "तेव्हा दोन, आत्ताही दोन. अख्ख्या वाड्यात तुझंच घर सुखरूप राहिलं बघ, आवडाबाई. बाकी सगळीकडे माणसं घटलीत. कुणी पटकीत गेलं, कुणी मुंबईच्या गिरणीत."

आवडाबाई पुढे झाली. "नाय मास्तर, पाच व्हती. तिघा पटकीत गेली. मीच खोटा बोलले. आता तरी लिवा."

मास्तर माणूस चांगला. त्यांनी टाक शाईत बुडवला, कागद उलटसुलट पाहिला आणि टाक खाली ठेवला. "कुठे लिहू गं? इथे जित्या माणसांचेच रकाने आहेत. आणि मागचा कागद केव्हाच सरकारात गेला, ही नुसती नक्कल."

"मंग नकलेत लिवा. नावा तरी लिवा."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि ते शेजारच्या घराकडे वळले.

आवडाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. समोर काठाला गोमाजीची होडी बांधलेली होती. पहिल्या मोजणीच्या दिवशी दिवेलागणीला होडी परत आली, तेव्हा सखू आधी उतरली होती, आणि आईच्या कानाशी लागून हळूच म्हणाली होती, "आये, आता बोलू?"